बेडकाच्या शेपटीतले विकर

बेडकाच्या पिल्लाची शेपटी गळून पडत नाही, जागच्या जागी जिरते. त्या शेपटीत कोलॅजेनचे चिवट धागे असतात, आपल्या कातडीत आणि हाडांत असतात तसेच. प्रथिने कापणारे पोटातले पेप्सिन आम्लात काम करते; शेपटीत तसले आम्ल नाही. मग हे धागे कापते कोण? १९६२ साली बोस्टनमध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी शेपटीच्या ऊतीचे तुकडे कोलॅजेनच्या जेलीवर ठेवले. तुकड्यांभोवतीची जेली विरघळत गेली आणि कोलॅजिनेज हे विकर हाती लागले.

कर्करोग शरीरात कसा पसरतो याचा मागोवा मी मुद्दाम या शेपटीपासून घेतो आहे. कारण प्रथिने कापणारी ही विकरे, म्हणजे प्रोटीएज, गाठीने शोधून काढलेली नाहीत. जखम भरताना, हाड वाढताना, गर्भ रुजताना शरीर हीच कात्री वापरते. गाठ ती उसनी घेते.

या उसनवारीचा संशय जुना होता. १९२५ मध्ये आल्बर्ट फिशर यांनी कोंबडीच्या सार्कोमाचे तुकडे रक्तद्रवाच्या गुठळीत वाढवले, तेव्हा गुठळीच वितळू लागली. या निरीक्षणाकडे मग बरीच वर्षे फारसे कोणी वळले नाही. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एडवर्ड राइख यांच्या गटाने दाखवले, की विषाणूने कर्करोगी बनवलेल्या पेशी प्लाझ्मिनोजेनला जागे करणारे विकर सोडतात आणि त्यातून तयार झालेले प्लाझ्मिन गुठळी कापते.

खरी कलाटणी मिळाली १९८० मध्ये. अवयवांच्या अस्तराखाली एक पातळ आधारपटल असते. कर्कपेशी त्याच्या अलीकडे आहेत तोवर रोग जागच्या जागी असतो. पटल ओलांडले की आक्रमण सुरू. बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गाठी तपासल्या. ज्या गाठी जास्त पसरणाऱ्या, त्या या पटलातले चौथ्या प्रकारचे कोलॅजेन जास्त तोडतात, असे त्यांना आढळले. चिकटणे, कापणे, सरकणे अशी आक्रमणाची साखळी त्यांनी मांडली, आणि ‘कापणे’ रोखले तर रोग थांबेल ही आशा जगभर पसरली.

तिला छेद देणारा पुरावा मात्र औषधांच्या मोठ्या चाचण्यांआधीच आला होता. १९९० मध्ये स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी स्तनाच्या गाठीत स्ट्रोमेलायसिन-३ हे प्रोटीएज शोधले, तर ते बनवत होत्या कर्कपेशींच्या शेजारच्या आधार-ऊतीतल्या पेशी! आरोपी एकटा नव्हता. सगळी आळी सामील होती.

तरी विकरे रोखणारी औषधे निघाली. ‘ब्रिटिश बायोटेक’ने आधी बॅटिमास्टॅट, मग गोळीच्या रूपातले मारिमास्टॅट आणले. कोलॅजिनेजच्या कुळातल्या विकरांच्या मर्मस्थानी जस्ताचा अणू असतो, त्यालाच हे रेणू पकडत. रुग्णांचे सांधे दुखू लागले, आखडू लागले, आणि आयुष्य वाढल्याचा ठोस पुरावा बहुतेक चाचण्यांत मिळाला नाही. ‘बायर’च्या टॅनोमास्टॅटची चाचणी १९९९ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणारे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण औषधाविना असलेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत होते.

कारणे हळूहळू उलगडली. प्रयोगशाळेत औषध लवकर दिल्यावर उंदरांना गुण येई. माणसांना मात्र ते बहुधा रोग आधीच पसरल्यावर दिले गेले. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच. शिवाय २००३ मध्ये दिसले, की प्रोटीएज रोखली तरी काही कर्कपेशी अमीबासारखा आकार बदलून धाग्यांच्या फटींतून सरकतात. त्याच वर्षी स्पेनमधल्या ओव्हिएडोच्या गटाने दाखवले, की एमएमपी-८ हे याच कुळातले विकर नसलेल्या नर उंदरांत त्वचेच्या गाठी जास्त होतात. म्हणजे या कुळातले काही सदस्य रक्षकही निघाले. सरसकट सगळ्यांना बांधून ठेवणे मुळातच अविचारी होते.

तरी शोध वाया गेला नाही. स्तनाच्या कर्करोगात लसिकाग्रंथी स्वच्छ असतील तेव्हा, युरोकायनेज हे प्रोटीएज आणि त्याचा रोधक गाठीत किती आहेत यावरून रोग उलटण्याचा धोका जोखता येतो. आणि कोलॅजिनेज रोखण्यासाठी अमेरिकेत मंजूर झालेले औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिनची २० मिलिग्रॅमची मात्रा. तिला १९९८ मध्ये मान्यता मिळाली ती कर्करोगासाठी नव्हे, हिरड्यांच्या आजारासाठी.