गिरगाव स्टेशन: नानांच्या रस्त्याखालून जाणारी मेट्रो

नांदगावहून गाडीत बसून सीएसएमटीला उतरलात, की आता तिथे जमिनीखालीही एक स्टेशन आहे. मेट्रो-3 चं. तिथून बांद्र्याच्या दिशेनं निघालं की पहिलं काळबादेवी आणि दुसरं गिरगाव. आजचा भाग या गिरगावचा.

स्टेशनच्या डोक्यावरचा रस्ता म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. हे तेच नाना शंकरशेठ. मुंबईत रेल्वे यावी म्हणून त्यांनी 1845 सालीच सर जमशेटजी जीजीभॉय यांना सोबत घेऊन संस्था काढली. पुढे जीआयपी रेल्वे आली आणि 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. आपल्या गावावरून जाणारी लाईनही त्याच कंपनीची. कसारा घाट 1865 च्या पहिल्या दिवशी खुला झाला आणि त्याच वर्षी जुलैत नाना गेले. (जाता जाता: मनमाडहून औरंगाबादची लाईन होण्याआधी वेरूळ बघायला येणारे साहेबलोक नांदगावला उतरून टांगा करायचे. हा किस्सा पुन्हा कधीतरी.)

आता मुद्द्यावर येतो. गिरगाव म्हणजे चाळी. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती 1893 साली इथल्याच केशवजी नाईक चाळीत बसला. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना जुन्या इमारती. अशा ठिकाणी वरून मोठा खड्डा खणून अख्खं स्टेशन बांधता येत नाही. म्हणून इथे न्यू ऑस्ट्रियन पद्धत वापरली. खडक थोडा थोडा फोडायचा, उघड्या झालेल्या भागावर लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, बोल्ट ठोकायचे, आणि मग पुढे सरकायचं. वर लोक राहतायत आणि खाली प्लॅटफॉर्म कोरला जातोय!

पण खाली उतरायला दारं तर वरच लागणार ना? जिने, लिफ्ट, हवा खेळवायची यंत्रणा, या सगळ्याला जमीन पाहिजे. त्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. त्यात बरेचसे पागडीचे भाडेकरू, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिलेले. त्यांची मागणी एकच होती: घर गिरगावातच द्या. शाळा, दुकान, देऊळ, ओळखीची माणसं, सगळं तिथेच आहे हो! आंदोलनं झाली, बैठका झाल्या, आणि शेवटी त्याच भागात नव्या इमारती बांधून घरं देण्याचं मेट्रो कॉर्पोरेशननं मान्य केलं. तोवर माणसं भाड्याच्या घरात गेली.

आरे ते कफ परेड हा 33.5 किलोमीटरचा मार्ग तीन टप्प्यांत सुरू झाला. गिरगाव शेवटच्या टप्प्यात, 9 ऑक्टोबर 2025 ला. त्या दिवशी पुनर्वसनाच्या इमारती मात्र पूर्ण झालेल्या नव्हत्या.

मेट्रो कामाची आहे, यात वाद नाही. गिरगावकर आता बसमध्ये न अडकता थेट बीकेसीला जातो. पण मला विचाराल तर क्रम उलटा हवा होता. आधी किल्ल्या, मग तिकीट. स्टेशनच्या फलकावर उद्घाटनाची तारीख लिहिली जाते, इथल्या खोल्या कुणी रिकाम्या केल्या ते कुणी लिहीत नाही.

आणि नानांचं नाव? ते याच मार्गावर, गिरगावनंतर दोन स्टेशनं पुढे, मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनला दिलंय.