सॅक्सोफोनची लहरी जीभ

सॅक्सोफोन हे वाद्य आपल्याला भेटतं ते जुन्या हिंदी गाण्यांत, नाहीतर वरातीच्या बँडमध्ये. दिसायला सगळं पितळेचं. तरीही पाश्चात्य वाद्यवृंदात त्याची गणना ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांत होत नाही. बासरी आणि क्लॅरिनेटच्या पंगतीत, म्हणजे 'वुडविंड' वाद्यांत होते. त्याचं कारण वाद्याच्या तोंडाशी बसवलेली बोटाएवढी एक पट्टी. तिला रीड म्हणतात. फुंकर मारली की ही पट्टी थरथरते आणि तिच्या थरथरण्यातून सूर उठतो. बाकीचं पितळ त्या सुराला वळण द्यायला.

आपल्या पेटीतही रीड असते, पण ती धातूची. एकदा बसवली की वर्षानुवर्षं बघायला नको. सॅक्सोफोनची रीड मात्र गवताची! ती काही आठवडे टिकते, आणि मुख्य म्हणजे एक दुसरीसारखी नसते. दहा रीड्सचा डबा आणावा, त्यातल्या तीन-चार छान वाजाव्यात, तीन-चार कामचलाऊ निघाव्यात आणि उरलेल्या सरळ कचऱ्यात जाव्यात, हा जगभरच्या वादकांचा नेहमीचा अनुभव. मी पोटासाठी कारखान्यातल्या मालाची गुणवत्ता तपासतो आणि हौसेखातर इथल्या गावच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. दहातले तीनच बोल्ट बसले तर आमच्याकडे पुरवठादाराची त्याच दिवशी गच्छंती होते. मग संगीताच्या दुनियेत हे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं कसं खपवून घेतलं गेलं? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

सुरुवात अर्थातच अडॉल्फ सॅक्सपासून. जन्म १८१४ चा, बेल्जियममधल्या दिनाँ गावचा. वडीलही वाद्यं बनवणारे. सॅक्सने आधी बास क्लॅरिनेटमध्ये सुधारणा केल्या आणि मग पॅरिसला येऊन २८ जून १८४६ रोजी सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. गंमत बघा, सॅक्सोफोनला लोकपरंपरा नाही. तो एका डोक्यातून निघाला आणि पेटंट कचेरीतून जगात आला. नळी शंकूच्या आकाराची, भोकं मोजूनमापून पाडलेली, चाव्यांची यांत्रिक रचना. सगळं औद्योगिक युगाला साजेसं. पण तोंडाशी काय लावलं? क्लॅरिनेटकडून उसनी घेतलेली गवताची पात! सगळ्या यंत्राचा सूर ज्या एका भागावर अवलंबून, तोच शेतातून आलेला.

या गवताचं शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. इंग्रजीत त्याला 'केन' म्हणतात, पण हा आपला खुर्च्यांचा वेत नव्हे. आपल्याकडे ज्याच्या लेखण्या करत त्या बोरूच्या कुळातला म्हटलं तर चित्र डोळ्यांपुढे येईल, म्हणून मी सोयीसाठी बोरूच म्हणतो. उत्तम बोरू म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या व्हार प्रांतातला, भूमध्य समुद्राकाठचा, असा लौकिक फार जुना आहे. दोन वर्षं वाढलेले सोट हिवाळ्यात कापायचे, उन्हात वाळवायचे, पुढे बराच काळ कोठारात मुरवायचे. मग त्यांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा उभा चार फाकांत चिरायचा, तासायचा आणि टोकाशी कागदाइतका पातळ करायचा. झाली रीड तयार.

सुरुवातीच्या काळात बरेच वादक आपल्या पट्ट्या आपणच तासत. त्याचा धंदा पुढे उभा राहिला. पॅरिस ऑपेरातले क्लॅरिनेटवादक यूजीन व्हॅन डोरेन यांनी १९०५ साली रीड्स बनवायला सुरुवात केली. तीच आजची व्हँडोरेन कंपनी. इकडे १९२८ साली लॉस एंजेलिसला रिको कंपनी निघाली, तीही व्हारचा बोरू मागवून. तो काळ जॅझचा. नाचगाण्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोनची चलती होती आणि रीड्सचा खप वाढत होता. हातकामाची जागा यंत्रांनी घेतली आणि एका मापाच्या पट्ट्या हजारोंनी पडू लागल्या.

आता माझ्या पेशाच्या दृष्टीने सगळ्यात मजेदार भाग. रीडच्या पाठीवर आकडा असतो: दोन, अडीच, तीन, साडेतीन. बऱ्याच नवशिक्यांना वाटतं की ही जाडी असावी. तसं नाही. एका प्रकारच्या सगळ्या रीड्स एकाच मापात कापतात. कापून झाल्यावर यंत्र प्रत्येकीला किंचित वाकवून बघतं आणि ती किती ताठ आहे त्यावरून तिच्यावर आकडा पडतो. म्हणजे 'तीन नंबरची रीड बनवू' असं कोणी ठरवत नाही; ती बनल्यावर तीन नंबरची निघते! शाळेच्या निकालासारखंच हे. शिवाय एका कंपनीची तीन म्हणजे दुसरीची अडीच असू शकते.

बरं, हा आकडा मोजतो काय? फक्त ताठपणा, तोही एका जागी. डावी बाजू उजवीपेक्षा नरम आहे का, आतले तंतू सारखे आहेत का, ओठांची ओल लागल्यावर ही पट्टी कशी वागेल, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या संशोधकांनी क्लॅरिनेटच्या रीड्स सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बोरूत पाणी वाहून नेणाऱ्या ज्या नळ्यांचे जुडगे असतात, त्यांच्याभोवती तंतूंचं कडं असतं. हे कडं अखंड असलेल्या रीड्स चांगल्या वाजतात आणि तुटक असलेल्या रड्या निघतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे खोड पानगळीपलीकडचं, पेशींच्या पातळीवरचं. रीड वाकवून बघणाऱ्या यंत्राला ते दिसणार कसं?

थोडक्यात, चांगली रीड कुठली हे बनवणाऱ्याला नक्की कळत नाही. ते कळतं फक्त वाजवणाऱ्याला, तेही विकत घेतल्यावर. आमच्या भाषेत सांगायचं तर अंतिम तपासणी गिऱ्हाईक करतं आणि बाद मालाचे पैसेही गिऱ्हाईकच भरतं. रीडच्या पर्यायांचा सगळा इतिहास मला या एका वाक्यात दिसतो. प्रत्येक नव्या युक्तीने हाच भुर्दंड कमी करायचा किंवा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला.

पहिली युक्ती वादकांची स्वतःची. रीड फार ताठ असेल तर चाकूने किंवा 'हॉर्सटेल' नावाच्या वनस्पतीच्या देठाने खरवडायची (या देठात वाळूतली सिलिका असते, त्यामुळे तो पॉलिश पेपरसारखा चालतो). फार नरम असेल तर टोक केसभर छाटायचं. पाठ वाकडी झाली तर काचेवर ठेवून घासायची. चार-पाच रीड्स आलटून पालटून वाजवायच्या. यात भुर्दंड पैशांऐवजी वेळेच्या रूपात भरला जातो, इतकंच.

दुसरी युक्ती प्लास्टिकची. १९४० साली फ्रान्स पडला आणि अटलांटिकपलीकडून येणारा बोरू आटला. त्या दशकात अमेरिकेत प्लास्टिकच्या रीड्स विकल्या जाऊ लागल्या. त्या टिकत, एकसारख्या असत, पण आवाज कर्कश, अशी तक्रार कायम राहिली. कारण साधं आहे. बोरू उभ्या दिशेने ताठ आणि आडव्या दिशेने लवचीक असतो. साधं प्लास्टिक सगळ्या दिशांनी सारखंच. पुढे बोरूच्या रीडवर काळं प्लास्टिक चढवण्याची मधली वाटही निघाली. उन्हातान्हात कवायत करणाऱ्या बँडवाल्यांना ती सोयीची पडते.

प्लास्टिक म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रीडची नाही, अख्ख्या सॅक्सोफोनची. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्करने ग्राफ्टन कंपनीचा पांढरा प्लास्टिकचा आल्टो वाजवला. ती मैफल जॅझच्या इतिहासात अजरामर झाली. ऑर्नेट कोलमनने तेच प्लास्टिकचं वाद्य घेतलं ते परवडत होतं म्हणून, आणि त्याच्यावर त्याने जॅझला नवं वळण दिलं. भुर्दंड भरायची ऐपत नसलेला वादक पर्याय शोधतो आणि कधी कधी इतिहास घडवतो.

ऐपतीवरून आपली मुंबई आठवते. १९३५ साली लिऑन अॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्या जमान्यातल्या जॅझवर पोसलेले गोवेकर वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. नंतर कलकत्त्याहून मनोहारी सिंग आले आणि सॅक्सोफोन घराघरांत पोचला. तेव्हा सगळा ताफा एकत्र बसवून गाणं ध्वनिमुद्रित होई. अशा वेळी एका रीडने चीं केलं की सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागणार! त्यातून १९९१ पूर्वीचा परवाना-राज, आणि रीड पडली परदेशी वस्तू. तिथे नावडती रीड कचऱ्यात टाकण्याची चैन किती जणांना परवडली असेल?

आता तिसरी युक्ती. १९९८ सालीच (योगायोग पाहा) कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात लेजेर नावाची कंपनी निघाली. ग्वी लेजेर हे हौशी क्लॅरिनेटवादक आणि मार्क कॉर्टशॉट हे टोरांटो विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे जाणकार अभियंते. त्यांनी पॉलिप्रॉपिलीन एका दिशेने ताणून त्याचे रेणू ओळीत आणले. त्यामुळे ते उभं ताठ आणि आडवं लवचीक झालं, ओल्या बोरूसारखं! कुणी बांबूचा लगदा आणि प्लास्टिक मिसळून पाहिलं; जपानच्या फोरस्टोनची रीड तशी. आज कित्येक व्यावसायिक वादक कृत्रिम रीडवर वाजवतात. एका रीडची किंमत मात्र बोरूच्या दहा रीड्सच्या डब्याएवढी. हिशेब केला तर महाग नाही, कारण ती काही महिने चालते आणि फेकाफेकीचा प्रश्न येत नाही. पण बोरूच्या आवाजातला तो उबदार खरखरीतपणा तिच्यात नाही, असं म्हणणारे जाणकारही आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत.

मी राहतो त्या दक्षिण कॅलिफोर्नियात या कथेला आणखी एक पदर आहे. स्पॅनिश लोकांनी हाच बोरू १८२० च्या सुमारास लॉस एंजेलिस भागात आणला, छपरं शाकारायला आणि पाटांचे काठ धरून ठेवायला. आता तो सांता आना नदीच्या पात्रात इतका माजला आहे की सरकारी पैसा खर्चून तो उपटावा लागतो. आणि याच भागातल्या रिकोने (२००४ साली ती डॅडॅरिओ कंपनीने घेतली) आपला बोरू आणला तो फ्रान्स आणि अर्जेंटिनाहून! वनस्पती तीच. पण नदीतल्या रानटी बोरूचं वय, जाडी, पाणी, कशावरच कोणाचा ताबा नाही. रीडची किंमत गवताची नसून त्या ताब्याची आहे, आणि तोही पुरा साधलेला नाही.

'पूर्वी रीड्स चांगल्या यायच्या हो!' असं आमच्या बँडमधले म्हातारे वादक म्हणतात. मला हे पटत नाही. आज कापणी संगणकावर चालते, माप चुकत नाही. चुकतं ते गवत, आणि ते सॅक्सच्या काळीही चुकतच असणार. बदललं आहे ते आपलं मन. बाकी सगळ्या वस्तू एकसारख्या मिळू लागल्यावर ही एक लहरी वस्तू डोळ्यात खुपते.

माझ्यापुरता मी तोडगा काढला आहे. वाळवंटाकडून कोरडे वारे सुटतात तेव्हा बोरूची रीड तासाभरात वाकडी होते, म्हणून बँडच्या कार्यक्रमाला कृत्रिम रीड. घरी, एकट्याने, वेळ हाताशी असताना बोरू. यात कमीपणा कसला? सॅक्सने स्वतः परंपरेची पर्वा न करता वाद्य घडवलं होतं. एखादा विद्यार्थी डबाभर रीड्स फेकून हताश होत असेल तर त्याला 'रियाज वाढव' म्हणण्याआधी दुसरी रीड देऊन बघावी. दोष दर वेळी त्याच्या फुंकीत नसतो.