सिकलसेल : रिपोर्टवरची दोन अक्षरे आणि त्यांचा अर्थ

घाटंजी तालुक्यात युवकांशी बोलताना आम्हाला जाणवते की सिकलसेल हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. पण घरातल्या रिपोर्टवर 'ए एस' लिहिले आहे की 'एस एस', हे विचारले की गोंधळ सुरू होतो. या दोन अक्षरांवर लग्न, बाळंतपण आणि उपचार अवलंबून आहेत, म्हणून हे शब्द नीट समजून घेऊ.

हिमोग्लोबिन हा लाल पेशीतला पदार्थ फुप्फुसातला प्राणवायू शरीरभर पोहोचवतो. त्याचा नेहमीचा प्रकार 'ए' आणि सिकलचा प्रकार 'एस'. प्रत्येकाला एक जनुक आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्ही 'ए' असतील तर सिकल नाही. एक 'ए' व एक 'एस' असेल तर ती व्यक्ती वाहक. वाहक म्हणजे आजारी नव्हे. त्याला औषध लागत नाही आणि तो शेतीचे, मजुरीचे सगळे काम करू शकतो. दोन्ही 'एस' असतील तरच तो रुग्ण. सिकलसोबत थॅलेसेमियाचे जनुक आले तरी आजार होतो.

रुग्णाच्या लाल पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकड्या होतात. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. त्यामुळे रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. इथेच मोठी फसगत होते. घरचे लोक कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधाकडे धावतात आणि दिवस वाया जातात. दुसरी फसगत लोहाच्या गोळ्यांची. ॲनिमिया म्हणजे रक्तक्षय, पण प्रत्येक रक्तक्षय लोह कमी झाल्याने होत नाही. सिकलमध्ये पेशी फुटतात म्हणून रक्त घटते. अशा वेळी तपासणीशिवाय लोह घेत राहणे चुकीचे. डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, ती गोळी वेगळी.

वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, पाठ, पोट असह्य दुखते. याला क्रायसिस म्हणतात. थंडी, ताप, कमी पाणी, अतिश्रम ही त्याची नेहमीची कारणे. दिवाळीनंतर पहाटेच्या गारठ्यात कापूस वेचायला जाणाऱ्या रुग्णाने अंगभर कपडे घालावेत आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी. दुखण्याला 'नाटक' म्हणणारे घरातही असतात आणि दवाखान्यातही. त्या दुखण्याची खूण बाहेरून दिसत नाही, एवढेच.

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, अंगाची एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळले, किंवा लहान मुलाची पानथरी अचानक वाढून पोट फुगले आणि ते पांढरेफटक पडले, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच दवाखाना गाठावा, आणि सिकल आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

तपासणी दोन टप्प्यांत होते. सोल्युबिलिटी चाचणीत रक्तात 'एस' आहे की नाही एवढेच कळते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी सांगते. म्हणून शिबिरात 'पॉझिटिव्ह' आले की घाबरूही नये आणि तिथेच थांबूही नये. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेक रुग्णांचे क्रायसिस कमी होतात, पण ते नियमित रक्ततपासणीसह डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचे. मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलावे.

आता लग्न. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. एकच जोडीदार वाहक असेल आणि दुसरा 'ए ए', तर रुग्ण मूल होत नाही. आपल्या परिचय मेळाव्यांत पत्रिकेला जागा नाही, हे चांगलेच. पण सोयरीक ठरण्याआधी दोन्हीकडचे रिपोर्ट पाहिले जावेत. बायोडाटावर छापून गावभर करण्याच्या मात्र आम्ही विरोधात आहोत. त्याचा फटका शेवटी मुलीलाच बसतो. आधीच लग्न झालेल्या वाहक जोडप्यांनी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाच्या तपासणीबद्दल विचारावे.

'हा तुमच्या लोकांचा आजार' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. पिढ्यान्‌पिढ्या जिथे हिवताप होता तिथे हे जनुक टिकले, कारण वाहक मुले जीवघेण्या हिवतापातून अधिक वाचली. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस इथेही ते आहे. विदर्भात बौद्ध, गोंड, परधान यांच्यात प्रमाण जास्त, पण कुणबी, तेली कुटुंबांतही ते सापडते. मध्य भारतातल्या वाहकांबद्दल नागपूरचे शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच लिहून ठेवले होते.

१ जुलै २०२३ ला शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तिचा भर आदिवासी भागावर आहे. त्यामुळे बौद्ध वस्त्यांतल्या मंडळांनी आशाताईंमार्फत किंवा ग्रामीण रुग्णालयात अर्ज देऊन शिबिर मागून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. रुग्णाला त्याखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. अर्जाला आजार दाखवणारा पक्का रिपोर्ट लागतो, शिबिरातली चिठ्ठी चालत नाही.