डूम्सडे प्रकल्प

डूम्सडे प्रकल्प : (१९८४–८६). ब्रिटनमधील लोकजीवनाची शाळकरी मुले व सामान्य नागरिक यांच्याकरवी संकलित केलेली आणि लेसर तबकड्यांवर नोंदवून संगणकाच्या साहाय्याने वाचता येईल अशी केलेली माहितीसंहिता. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन (बी.बी.सी.) या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने अ‍ॅकॉर्न, फिलिप्स व लॉजिका या उद्योगसंस्थांच्या सहकार्याने ती सिद्ध केली. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेने १०८६ मध्ये झालेल्या ‘डूम्सडे बुक’ या पाहणीग्रंथाची नवशताब्दी १९८६ मध्ये येत होती, म्हणून प्रकल्पाला त्या ग्रंथाचे नाव देण्यात आले. दहा लाखांवर लोकांचा सहभाग, चित्र व मजकूर यांची एकत्र मांडणी आणि नकाशावरून माहितीपर्यंत पोहोचण्याची सोय या दृष्टींनी हा प्रकल्प त्या काळाच्या पुष्कळ पुढे होता. तथापि पुढील पंधरा वर्षांतच तो वाचण्याची साधने दुर्मिळ झाली आणि अंकीय नोंदींच्या जतनाचा प्रश्न त्यामुळे सर्वसामान्यांच्याही लक्षात आला. शिक्षण, शासन व लोकोपयोग या तिन्ही क्षेत्रांतील संगणकीय उपक्रमांच्या इतिहासात त्याला जे स्थान आहे, ते त्याच्या यशाइतकेच या अनुभवामुळेही आहे.

मूळ ग्रंथ : नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे भरलेल्या दरबारात त्याने राज्याच्या पाहणीचा निर्णय घेतला. राजाचे अधिकारी परगण्यापरगण्यांत गेले आणि जमीन कोणाच्या ताब्यात आहे, पूर्वी कोणाच्या होती, तिच्यावरील आकारणी किती, नांगर, कुळे, गुलाम, कुरणे, राने व गिरण्या किती, यांची उत्तरे त्यांनी शपथेवर घेतली. ही माहिती लॅटिन भाषेत चर्मपत्रांवर लिहिली गेली. मोठी व लहान अशा दोन भागांत असलेल्या या दप्तरात सु. १३,४०० स्थळांच्या नोंदी आहेत. एसेक्स, नॉरफोक व सफोक या परगण्यांचा अधिक तपशीलवार वृत्तांत लहान भागात आहे. लंडन व विंचेस्टर ही नगरे आणि उत्तरेकडील काही प्रदेश यांची नोंद मात्र त्यात नाही. या दप्तराचा निवाडा अंतिम न्यायाच्या दिवसाप्रमाणे अटळ मानला जाई, म्हणून लोक त्याला ‘डूम्सडे’ म्हणू लागले, असे बाराव्या शतकातील राजकोशाधिकारी रिचर्ड फिट्झनील याने नमूद केले आहे.

हा ग्रंथ नऊ शतके टिकला तो केवळ चर्मपत्राच्या चिवटपणामुळे नव्हे. प्रथम विंचेस्टर येथील राजकोशात व नंतर वेस्टमिन्स्टर येथे तो राजाच्या मौल्यवान चीजवस्तूंप्रमाणे सांभाळला गेला. जमिनीच्या वादांत त्याचा पुरावा घेतला जात असल्यामुळे तो सतत वापरात राहिला आणि त्यातील संक्षेप वाचू शकणाऱ्या लेखकांची परंपराही टिकली. १७८३ मध्ये, त्या संक्षेपांसाठी खास ओतविलेल्या खिळ्यांनी, तो छापण्यात आला. १८६१–६३ या काळात ब्रिटनच्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या भूमापन संस्थेने त्याच्या प्रकाशचित्रीय प्रतिकृती काढल्या. दोन्ही महायुद्धांच्या काळात तो लंडनबाहेर, पहिल्या वेळी बॉडमिन व दुसऱ्या वेळी शेप्टन मॅलेट येथील तुरुंगाच्या इमारतीत, सुरक्षित ठेवण्यात आला. सांप्रत तो क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

पार्श्वभूमी : १९८० च्या सुमारास सूक्ष्मसंगणक सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागले. या यंत्राची ओळख सर्व नागरिकांना व्हावी या हेतूने बी.बी.सी.ने संगणक साक्षरता प्रकल्प हाती घेतला. दूरचित्रवाणीवरील त्याची पहिली मालिका जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाली. तिच्याबरोबर वापरण्यासाठी केंब्रिजच्या अ‍ॅकॉर्न कंपनीने तयार केलेला ‘बी.बी.सी. सूक्ष्मसंगणक’ डिसेंबर १९८१ मध्येच बाजारात आला होता. शाळांनी संगणक विकत घ्यावेत म्हणून ब्रिटिश शासनाने किंमतीचा अर्धा भार उचलण्याची योजना आखली. त्यामुळे थोड्याच वर्षांत देशातील बहुतेक शाळांत हे यंत्र पोहोचले. भारतातही केंद्र शासनाने १९८४ मध्ये शालेय संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सु. २५० शाळांत सुरू केला, तेव्हा याच यंत्राची निवड करण्यात आली.

शाळांत यंत्रे आली, परंतु त्यांच्यावर करण्याजोगे अर्थपूर्ण काम थोडेच होते. बी.बी.सी.चे निर्माते पीटर आर्मस्ट्राँग यांच्या कल्पनेतून ही उणीव भरून काढणारा उपक्रम पुढे आला. विल्यमच्या पाहणीत राजा विचारीत होता व प्रजा उत्तर देत होती. नव्या पाहणीत लोकांनी स्वतःविषयी स्वतःच लिहावे, अशी योजना होती. प्रकल्पाचा खर्च सु. २५ लक्ष पौंड झाला. त्याला यूरोपीय आयोगाच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक संशोधन कार्यक्रमातूनही काही साहाय्य मिळाले.

संकलनाची पद्धती : देशाच्या नकाशावर ४ किमी. × ३ किमी. आकाराचे चौकोन आखण्यात आले. प्रत्येक चौकोन एखाद्या शाळेकडे, आणि शाळा नसेल तेथे स्थानिक मंडळाकडे किंवा स्वयंसेवक गटाकडे सोपविण्यात आला. त्यांनी आपल्या चौकोनातील जमिनीचा वापर व सोयीसुविधा यांची ठरावीक नमुन्यात नोंद करावयाची, त्याशिवाय निवडक छायाचित्रे व परिसराचे वर्णन करणारी थोडी पृष्ठे पाठवावयाची, असा नियम होता. एक पृष्ठ म्हणजे संगणकाच्या पडद्यावर एका वेळी मावेल एवढा मजकूर. हे काम मुख्यतः १९८५ मध्ये झाले. मुलांनी आपला मजकूर शाळेतल्याच संगणकावर लिहिला.

काय लिहावे याचे बंधन मुलांवर फारसे घातलेले नव्हते, आणि या संकलनाचे मोल त्यातच आहे. अधिकृत गणनेत कुटुंबाची माणसे, घराच्या खोल्या व व्यवसाय मोजले जातात. सकाळी न्याहारीला काय असते, शाळा सुटल्यावर कोणते खेळ चालतात, गावातील दुकान कोण चालवितो, कारखाना बंद पडल्यावर घरात काय घडले, हे तेथे येत नाही. मुलांच्या पृष्ठांत ते आले. १९८४–८५ चा खाणकामगारांचा दीर्घ संप नुकताच संपला होता व बेकारी वाढलेली होती. त्या काळाची छाया कित्येक नोंदींवर पडलेली दिसते. अशी सु. १,४७,००० पृष्ठे व २३,००० छायाचित्रे जमा झाली. इतिहासाच्या साधनांत मुलांचा आवाज क्वचितच उमटतो, तो येथे एका संपूर्ण देशाच्या प्रमाणावर नोंदला गेला.

स्वरूप व तंत्र : हे साहित्य दोन तबकड्यांत विभागलेले होते. ‘जनसमुदाय’ तबकडीवर वरील स्थानिक नोंदी होत्या. तिच्या एका बाजूस दक्षिण ब्रिटन व दुसऱ्या बाजूस उत्तर ब्रिटन अशी वाटणी होती. वाचक देशाच्या नकाशापासून आरंभ करून क्रमाक्रमाने मोठ्या प्रमाणाच्या नकाशांकडे जाई व अखेर इष्ट चौकोनापर्यंत पोहोचे. हे नकाशे ऑर्डनन्स सर्व्हेचे होते. सव्वाशे वर्षांपूर्वी जुन्या ग्रंथाच्या प्रतिकृती काढणारी संस्था अशा रीतीने नव्या पाहणीचाही आधार ठरली. ‘राष्ट्रीय’ तबकडीवर १९८१ ची जनगणना व इतर शासकीय आकडेवारी, लेख, छायाचित्रे आणि त्या दशकातील बातमीपटांचे अंश होते. आकडेवारीचे आलेख व नकाशे पडद्यावर काढता येत. शेतवाडी, नगर इ. ठिकाणी एकेक पाऊल टाकीत फिरल्याचा आभास निर्माण करणारी चित्रमालाही तिच्यात होती.

त्या काळच्या सामान्य संगणकांत एवढी माहिती मावणे शक्य नव्हते. शाळेतील यंत्राची स्मृती बहुधा ३२ किलोबाइट असे. लेसर तबकडीच्या एका बाजूवर ५४,००० स्थिर चित्रे बसत आणि चित्रपटातील ध्वनीसाठी राखलेल्या जागेत सु. ३०० मेगाबाइट अंकीय माहिती साठविता येई. म्हणजे चित्रे दूरचित्रवाणीच्या सदृश संकेतरूपात व मजकूर अंकीय रूपात, अशी ही संमिश्र रचना होती. ती वाचण्यासाठी फिलिप्सने खास तबकडीवाचक बनविला व अ‍ॅकॉर्नने आपल्या ‘मास्टर’ संगणकाला जादा संस्कारक आणि पडद्यावरील खूण हलविण्यासाठी फिरता गोळा जोडला. आज्ञावली बीसीपीएल या संगणकभाषेत लिहिलेली होती. त्या वेळी उपलब्ध असलेल्या साधनांचा असा मेळ घालणे हे प्रकल्पाचे मोठे यश होते. मात्र या साखळीतील प्रत्येक कडी विशिष्ट यंत्राशी बांधली गेली होती.

प्रसार व मर्यादा : नोव्हेंबर १९८६ मध्ये प्रकल्प प्रसिद्ध झाला. संपूर्ण संचाची किंमत सु. ५,००० पौंड पडत असल्याने ज्या शाळांनी नोंदी पाठविल्या त्यांपैकी बहुसंख्य शाळांना तो घेता आला नाही. आपण लिहिलेले पृष्ठ कित्येक मुलांना पडद्यावर कधीच पाहावयास मिळाले नाही. काही ग्रंथालये व शिक्षणसंस्था यांच्यापुरता त्याचा वापर राहिला. लवकरच स्वस्त सघन तबकड्या व अधिक शक्तिमान व्यक्तिगत संगणक आले, या जातीच्या वाचकयंत्रांचे उत्पादन थांबले आणि शिल्लक राहिलेली यंत्रे दुरुस्तीअभावी बंद पडू लागली. दुसरी अडचण स्वामित्वहक्काची होती. अनेक लेखक, छायाचित्रकार व संस्था यांचे साहित्य एकत्र आल्यामुळे ते दुसऱ्या माध्यमात नेऊन प्रसिद्ध करण्यास कोणाकोणाची अनुमती हवी, हे ठरविणे कठीण झाले.

पुनःप्राप्तीचे प्रयत्न : नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र वाचता येते, पण पंधरा वर्षांपूर्वीची तबकडी वाचता येत नाही, अशी टीका २००२ मध्ये वृत्तपत्रांतून झाली. ती अर्धीच खरी होती. तबकड्या बहुतांशी शाबूत होत्या व चालू स्थितीतील काही यंत्रेही शिल्लक होती. संकट होते ते वाचकयंत्रांच्या ऱ्हासाचे. या सुमारास लीड्स व मिशिगन या विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ या संयुक्त प्रकल्पाने (१९९९–२००३) तबकड्यांवरील माहिती नव्या संगणकावर उतरवून घेतली आणि जुन्या यंत्राचे वर्तन हुबेहूब वठविणारी आज्ञावली तयार केली. डिसेंबर २००२ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. या पद्धतीस अनुकरणपद्धती म्हणतात. तीत मूळ सामग्री न बदलता जुने यंत्रच नव्या यंत्रात उभे केले जाते. याउलट स्थलांतरपद्धतीत सामग्रीच नव्या स्वरूपात रूपांतरित करतात. २००३ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारासाठी जनसमुदाय तबकडीचे असे रूपांतर करण्यात आले व त्यातील चित्रे बी.बी.सी.ने जपलेल्या मूळ चित्रफितींवरून अधिक स्पष्ट स्वरूपात घेण्यात आली. २००४ मध्ये ही सामग्री आंतरजालावर आली, परंतु ते संकेतस्थळ एका व्यक्तीच्या परिश्रमांवर उभे होते. २००८ मध्ये तिचे निधन झाल्यावर ते बंद पडले.

पुढे बी.बी.सी.ने मे २०११ मध्ये हे सर्व स्थानिक साहित्य नव्या संकेतस्थळावर खुले केले. त्याच स्थळांची नवी छायाचित्रे व टिपणे देण्याचे आवाहनही तिने जनतेला केले. १९८५ मध्ये शाळेत असलेल्या कित्येकांना आपले लेखन प्रथमच पाहता आले. २०१८ मध्ये हे संकेतस्थळही बंद झाले, तथापि त्याची प्रत ब्रिटनच्या शासकीय आंतरजाल अभिलेखागारात जतन करण्यात आली आहे. मूळ यंत्रे केंब्रिज व ब्लेचली पार्क येथील संगणक संग्रहालयांनी जपली आहेत. तबकडीवरील संकेत यंत्राच्या अंतर्गत रचनेवर विसंबून न राहता थेट टिपण्याचे कामही हौशी तंत्रज्ञांनी केले आहे.

मूल्यमापन : जुन्या व नव्या डूम्सडेची तुलना पुष्कळदा चर्मपत्र विरुद्ध तबकडी अशी केली जाते, परंतु ती पुरेशी नाही. जुना ग्रंथही विशेष अभ्यास केल्याशिवाय वाचता येत नाही. तो वाचनीय राहिला, कारण प्रत्येक पिढीत त्याची जबाबदारी कोणत्या तरी संस्थेकडे होती, त्याच्या प्रती निघत गेल्या आणि तो वाचण्याची विद्या शिकविली गेली. नव्या संकलनाच्या बाबतीत प्रसिद्धीनंतर ही जबाबदारी कोणाकडेच स्पष्टपणे सोपविलेली नव्हती. जे वाचले, ते मूळ चित्रफिती कोणी टाकून न दिल्यामुळे आणि काही थोड्या लोकांनी स्वतःहून श्रम घेतल्यामुळे वाचले. कागद वा चर्मपत्र उपेक्षेतही काही काळ तग धरते, पण अंकीय नोंदीला उपेक्षा सोसत नाही, हा दोहोंतील खरा भेद होय.

शासन, शिक्षणसंस्था वा मंडळे यांनी हाती घेतलेल्या कोणत्याही अंकीय प्रकल्पाला हा अनुभव लागू पडतो. नोंदींची रचना खुली व लेखी स्वरूपात वर्णिलेली असणे, प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे, पुनःप्रकाशनाची अनुमती संकलनाच्या वेळीच घेणे आणि उभारणीच्या खर्चाबरोबर जतनाच्या खर्चाचीही तरतूद करणे, ही पथ्ये आता सर्वमान्य झाली आहेत. ती सर्वमान्य होण्यात डूम्सडे प्रकल्पाचा वाटा मोठा आहे. दहा लाख लोकांनी विश्वासाने दिलेले लेखन काही वर्षे जवळजवळ अप्राप्य झाले होते. आज ते वाचता येते, पण ते पुढेही वाचता यावे यासाठी प्रत्येक पिढीला त्याची नव्याने प्रत करावी लागणार आहे.