लसीच्या चाळणीतून निसटलेले विषाणू

थायलंडमधील रेयाँग आणि चोनबुरी प्रांतांत २००३ मध्ये सुरू झालेल्या 'आरव्ही १४४' या एचआयव्ही प्रतिबंधक लसीच्या चाचणीत १६ हजारांहून अधिक स्वयंसेवक सहभागी झाले होते. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा लस घेतलेल्यांपैकी ५१ आणि निष्प्रभ द्रव्य टोचलेल्यांपैकी ७४ जणांना लागण झाल्याचे दिसून आले. परिणामकारकता भरली ३१.२ टक्के. सार्वत्रिक वापरासाठी ती अपुरी होती. परंतु लस घेऊनही ज्यांना संसर्ग झाला, त्यांच्या रक्तातील विषाणू हाच पुढील संशोधनाचा कच्चा माल ठरला.

लस काही विषाणूंना अडवते, काही निसटतात. दोन्ही गटांतील विषाणूंच्या जनुकीय रचनेची तुलना केली, की लसीने नेमके कोणाला अडवले याचा माग लागतो. या 'चाळणी विश्लेषणा'ची संख्याशास्त्रीय बैठक पीटर गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडली.

अडचण होती ती माहितीच्या पसाऱ्याची. विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिनच सुमारे साडेआठशे अमिनो आम्लांचे. शेकडो नमुन्यांच्या अशा अक्षरमाळा नुसत्या तक्त्यात वाचणे अशक्यच. त्यासाठी संगणकावर हाताळता येणारे आलेख तयार करण्यात आले. पडद्यावर प्रथिनातील प्रत्येक स्थान ओळीने मांडलेले असते आणि दोन गटांत जिथे फरक मोठा, तिथे स्तंभ उंच होतो. त्यावर माउसने टिचकी मारली, की त्या जागी कोणत्या गटात कोणते अमिनो आम्ल किती जणांत आढळले, ते शेजारी-शेजारी उमटते. स्थानांचे क्रमांक 'एचएक्सबी२' या प्रमाणभूत विषाणूनुसार मोजले जात असल्याने निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळवता येतात.

थायलंडच्या चाचणीचे असे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आवरणाच्या 'व्ही२' भागातील १६९ आणि १८१ ही दोन स्थाने त्यात उठून दिसली. १६९ व्या जागी लसीशी जुळणाऱ्या विषाणूंविरुद्ध परिणामकारकता ४८ टक्के होती. १८१ व्या जागी मात्र उलटेच घडले: लसीशी न जुळणाऱ्या विषाणूंविरुद्ध ती ७८ टक्के निघाली. नुसत्या तर्काने हे कोणी सुचवले नसते. त्याच वर्षी रक्तातील प्रतिपिंडांच्या स्वतंत्र अभ्यासातही 'व्ही१-व्ही२' भागाला चिकटणारी प्रतिपिंडे आणि संसर्गाचा कमी धोका यांचा संबंध आढळला होता. दोन वेगळ्या वाटांनी शोध एकाच ठिकाणी पोहोचला, हे विशेष.

अर्थात ही तुलना लस घेतलेले ४४ आणि न घेतलेले ६६, एवढ्याच जणांच्या विषाणूंची होती. शेकडो स्थाने तपासली, तर काही ठिकाणी निव्वळ योगायोगानेही फरक दिसणारच. उंच स्तंभ डोळ्यांना भुरळ घालतो. तो पुरावा की योगायोग, हे संख्याशास्त्रीय कसोटीवरच ठरते. शिवाय थायलंडमधील विषाणू प्रामुख्याने 'एई' प्रकारचा, तर भारत आणि दक्षिण आफ्रिकेत 'सी' उपप्रकाराचे प्राबल्य आहे. 'सी'साठी बदल करून त्याच धर्तीवर बनवलेल्या लसीची चाचणी दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये सुरू झाली. संसर्गापासून संरक्षण मिळत नसल्याचे दिसताच फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील लसीकरण थांबवण्यात आले.