तलंग की कोंबडा?

बारामतीसारख्या वाढत्या शहरातही काही घरांच्या परसात अजून चार-सहा कोंबड्या दिसतात. मुलांच्या हट्टापायी बाजारातून आणलेली पिले दोन-अडीच महिन्यांची झाली, की त्यांतल्या एखाद्याचा तुरा इतरांच्या आधी लाल होऊ लागतो आणि घरात शंका सुरू होते: ही तलंग की कोंबडा? पुढे ते पहाटे आरवू लागते, शेजारी कुरकुरतात आणि त्याला इंदापूरकडच्या एखाद्या नातलगाच्या वस्तीवर धाडण्याचे ठरते. नर कधी ओळखता येतो आणि ओळखल्यावर त्याचे काय करायचे, या दोन प्रश्नांना बराच मोठा इतिहास आहे. तो वर्गात सांगण्याजोगा आहे, असे आम्हाला वाटते.

पहिला प्रयत्न अंड्यावरूनच ओळखण्याचा होता. लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते, असे ॲरिस्टॉटलने लिहिले. रोमन शेतीलेखक कोलुमेला याने नेमके उलटे सांगितले. अशा समजुती आपल्याकडेही ऐकू येतात. वस्तुस्थिती अशी, की कोंबड्याजवळ दोन झेड गुणसूत्रे असतात, तर कोंबडीजवळ एक झेड व एक डब्ल्यू. म्हणून पिलाचे लिंग आईच्या बीजावरून ठरते. कवच त्यावर नंतर चढते. त्याच्या आकाराचा लिंगाशी संबंध नाही.

जुन्या काळी लवकर ओळखण्याची निकडही नव्हती. इंदापूर तालुका जमीन महसुलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी मुंबई इलाख्यातील नव्या मोजणीची सुरुवात येथूनच केली. त्या मोजणीने शेताचे क्षेत्र व जमिनीचा कस नोंदला. परसातली कोंबडी मात्र घरातल्या बाईच्या हिशेबात राहिली. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवायची, पिले उकिरड्यावर चरू द्यायची आणि नर मोठे झाले की त्यांतला एखादा राखून बाकीचे बाजारात, पाहुण्यांसाठी किंवा नवसाला काढायचे, अशी ही रीत. अंडी व मांस दोन्ही एकाच देशी जातीपासून मिळत असल्यामुळे नरालाही किंमत होती.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. १९०८ मध्ये अमेरिकेतील स्पिलमन यांनी प्लायमथ रॉक कोंबडीच्या पट्टेरी पिसांचा गुण लिंगनिगडित असल्याचे दाखवले. पट्टेरी कोंबडी आणि बिनपट्ट्याचा काळा कोंबडा यांच्या संकरात आईचे झेड फक्त मुलग्यांकडे जाते. मुलींना झेड मिळते ते बापाचे. त्यामुळे नर पिलांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो, मादीच्या डोक्यावर नसतो. फळ्यावर करून दाखवण्यास आनुवंशिकतेचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना केंब्रिजच्या पनेट यांनी नको असलेले नर जन्मतःच ओळखण्यासाठी हीच युक्ती सुचवली. पुढे १९२० च्या दशकात जपानमध्ये मासुई व हाशिमोतो यांनी एक दिवसाच्या पिलाच्या गुदद्वारातील बारीक उंचवट्यावरून लिंग ओळखण्याची पद्धत बसवली. तयार हाताचा माणूस तासाला शेकडो पिले निवडतो.

याच सुमारास अंड्यांची जात वेगळी आणि मांसाची जात वेगळी, अशी फाटाफूट होऊ लागली. अंड्यांच्या जातीतला नर अंडी देत नाही आणि अंगानेही लवकर भरत नाही. तो पहिल्याच दिवशी ओळखता येऊ लागला, आणि पहिल्याच दिवशी नकोसाही झाला. जगभर दरवर्षी अशी अब्जावधी नर पिले मारली जातात. आपल्याकडे रस्त्यावर रंग देऊन विकली जाणारी स्वस्त पिले बहुधा याच नकोशा नरांपैकी असतात. परसात हमखास कोंबडाच का निघतो, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशी पिले मारण्यास बंदी घातली, आणि तेथे अंड्यातच लिंग तपासण्याची तंत्रे वापरात आली. अंड्यावरून नर ओळखण्याची अडीच हजार वर्षांपूर्वीची इच्छा अशी वेगळ्याच मार्गाने पुरी झाली.

आता आपल्या परसातल्या नराकडे वळू. तीन महिन्यांनंतर मानेची व पाठीच्या मागच्या भागाची पिसे पाहावीत: टोकदार, चकचकीत असतील तर नर, गोलसर असतील तर तलंग. एकट्या तुऱ्यावर विसंबू नये. त्याला डालग्याखाली झाकून आरवणे थांबणार नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही आपल्या अंतर्गत घड्याळानुसार ठरावीक वेळी आरवतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण सूर्याविषयी वापरतो. ती कोंबड्यालाही लागू आहे.

त्याला वस्तीवर देणे मात्र उपकाराची गोष्ट न ठरता उपयोगाची ठरू शकते. एकाच कळपातला नर पिढ्यान् पिढ्या राखला, तर बाप-लेकींचा संकर होऊन पिले अशक्त निघतात व अंडी कमी उबतात. आठ-दहा कोंबड्यांना बाहेरून आलेला एक निरोगी कोंबडा पुरतो. तो देशी वा दुहेरी उपयोगाच्या जातीचा असल्यास उत्तम; अंड्यांच्या संकरित जातीचा असल्यास त्याच्या मुलींत खुडूक बसण्याचा गुण कमी पडण्याचा संभव असतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

दुसरी काळजी रोगाची. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग नव्या पक्ष्याबरोबर सहज येतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून आलेला कोंबडा दोन-तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवावा, लस टोचून घ्यावी आणि मगच कळपात सोडावा. ज्या घरात चार कोंबड्यांच्या अंड्यांवर मुलांच्या वह्या येतात, तिथे एका आजारी कोंबड्याने सगळा कळप जातो.

शाळेत एक नोंदवही ठेवता येईल. ज्या मुलांच्या घरी कोंबडी खुडूक बसते, त्यांनी अंड्यांचा आकार, तुरा लाल झाल्याचा दिवस, पहिले आरवणे आणि शेवटी नर की तलंग, हे लिहावे. दोन-तीन वर्षांत ॲरिस्टॉटल आणि कोलुमेला या दोघांचीही परीक्षा मुलेच घेतील. नर कोठे गेला, हा रकानाही ठेवावा. तो भरताना वर्गात जी चर्चा होईल, ती पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.