चाकाची थकबाकी

परंड्याचे नाव निघाले की आधी भुईकोट किल्ला आठवतो आणि मग तोफा. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ इथेच मांडली. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ इथल्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. तोफेचे वजन सुमारे ५५ टन. ती ओढायला शेकडो बैल आणि हत्ती जुंपले होते, असे सांगतात. या आठवणीत बैल मोजले जातात, हत्ती मोजले जातात, पण वाटेत पिचणारे लाकूड आणि सैल होणारे लोखंड पुन्हा जाग्यावर बसवणारे सुतार-लोहार कोणी मोजत नाही. एवढे ओझे त्यांच्याशिवाय मैलभरही हलले नसते. चाक आणि चाकाची काळजी वाहणारा माणूस यांचा इतिहास किल्ल्याइतक्या कौतुकाने सांगितला जात नाही. तो नीट पाहिला, तर आजच्या मोटारमालकाला भंडावून सोडणाऱ्या एका गोष्टीचा उलगडा होतो. ती गोष्ट म्हणजे डॅशबोर्डवर पुनःपुन्हा पेटणारा, टायरमधली हवा कमी झाल्याचे सांगणारा पिवळा दिवा. हवा भरली की तो जातो, काही दिवसांनी परत येतो, आणि मालक सेन्सर बिघडला असे ठरवून मोकळा होतो. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा दिवा खरे सांगत असतो. मोडली आहे ती चाक तपासण्याची रीत, आणि ती सेन्सर येण्याच्या फार आधी, चाकाच्या दुरुस्तीचा व्यवहार बदलला तेव्हाच मोडली.

बैलगाडीचे चाक कसे उभे राहते ते आधी पाहू. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे, आणि या सगळ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. दख्खनच्या कोरड्या मुलखात या कामाला बाभळीचे लाकूड वापरत, कारण ते चिवट आणि हाताशी मिळणारे. चाकात मुख्य आधार खिळ्यांचा नसतो, आवळण्याचा असतो. लोहार पट्टी वाकवून सांधतो तेव्हा धावेचे कडे चाकाच्या घेरापेक्षा बोटभर कमीच ठेवतो. मग गोवऱ्या गोल रचून त्या जाळात ते कडे लाल होईपर्यंत तापवायचे. सव्वाचार मीटर घेराचे लोखंड ५०० अंशांनी तापले तर अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढते, म्हणजे बोटभर कमी ठेवलेले अंतर बरोबर भरून निघते. चौघांनी सांडशीने धरून कडे चाकावर चढवायचे, पुठ्ठ्यांचा धूर निघायला लागताच घागरीने पाणी ओतायचे. लोखंड आखडते, आरे तुंब्यात करकरत शिरतात, आणि सुटे लाकूड एकजीव होते. हे काम काही क्षणांचे असते. उशीर झाला तर पुठ्ठा जळतो, घाई झाली तर धाव तिरकी बसते. पण नीट आवळलेले चाकही कायमचे आवळलेले राहत नाही. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आटते आणि त्याच उन्हात लोखंड फुगते, म्हणजे दोन्हीकडून ढिलाई. म्हणून उन्हाळ्यात चाके पाण्यात भिजत घालायची, ओले पोते गुंडाळायचे, पाचर मारायची. त्यानेही भागले नाही तर धाव उतरवून, कापून, पुन्हा सांधून चढवायची. चाक सैल होणे हा बिघाड नव्हता. तो ऋतूचा ठरलेला परिणाम होता आणि त्याची दखल त्या त्या ऋतूतच घेतली जाई.

ही दखल वेळेवर घेतली जाण्याचे कारण शेतकऱ्याच्या शिस्तीत जेवढे आहे, त्याहून जास्त ते देण्याघेण्याच्या पद्धतीत आहे. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. नवी गाडी घडवायची तर त्याचा मोबदला वेगळा ठरे, पण औत-अवजारांच्या वर्षभराच्या डागडुजीचे धान्य खळ्यावरच दिले जाई. दुरुस्ती आगाऊ मोजून झालेली असल्याने अवजार थोडे कुरकुरले तरी ते सुताराकडे नेण्यात कोणाचे नुकसान नव्हते. उलट थांबण्यात होते. नांगराबरोबर गाडीही त्याच नजरेखालून जाई. मोठा खर्च लवकर दिसे आणि लहान असताना आटोपे. परंड्याच्या गाडीला तशी गरजही होती. बार्शीची पेठ जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरवर, पण ती इंग्रजी मुलखात आणि परंडा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. मधल्या सरहद्दीवर निजामाची करोडगिरी (जकात). बालाघाटाकडचा कापूस आणि गळिताचे धान्य बार्शीला जाई ते गाडीनेच. काळ्या मातीच्या वाटेत, भरल्या गाडीची धाव निसटली तर माल तिथेच पडायचा. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बार्शीची अरुंद रेल्वे सुरू केली तीही चाकावरच्या भाराचा बारकाईने विचार करूनच. दर आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, या तत्त्वावर त्याने हलक्या रुळांवरून जड माल नेऊन दाखवला. रेल्वेतही चाक हातोडीने ठोकून, आवाज ऐकून तपासण्यासाठी खास माणसे असत. तपासणी हे तिथे पगारी काम होते आणि चाक शाबूत असताना करायचे काम होते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बलुत्याची पद्धत जातीवर उभी होती. कारागिराला काम नाकारायची मुभा नव्हती, धान्याचे माप देणाऱ्याच्या हातात होते, आणि दुष्काळात आधी त्याचीच कणगी रिकामी होई. हे सर्व खरे आहे, आणि ती पद्धत गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. लाकडी चाकही काही आदर्श नव्हते. ऐन सुगीत मोडणारी चाके तेव्हाही होती. माझा मुद्दा त्या व्यवस्थेच्या न्यायाबद्दल नाही, तिच्या एका परिणामाबद्दल आहे. देखभालीचे मोल वर्षाचे ठरलेले असले की तपासणी आपोआप होते. दर बिघाडाला पैसे मोजायचे ठरले की माणूस बिघाडाची वाट पाहतो. अन्यायाचा भाग काढून टाकताना हा दुसरा भागही त्याच्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही.

जागा रिकामी झाली ती रबराच्या चाकाने. डनलॉपने हवेचा टायर १८८८ मध्ये आणला. निजामाच्या राज्यात सरकारी बस १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सुरू झाली. पुढे बैलगाडीलाही टायर लागले आणि ऊसपट्ट्यात टायरगाडी हा शब्द रुळला. परंडा, भूम, वाशी या भागांतून कोयता घेऊन कारखान्यांकडे जाणाऱ्या कुटुंबांना ही गाडी चांगली परिचयाची. रबराने बैलाच्या मानेवरचा हिसका कमी केला, ओढ हलकी केली. हा फायदा लहान नाही. पण धावेची ढिलाई डोळ्यांना दिसते, आऱ्यांची कुरकुर कानांना ऐकू येते. हवा मात्र आवाज न करता जाते. रबराच्या भिंतीतून ती झिरपते, रिमच्या गंजलेल्या कडेतून जाते, व्हॉल्व्हमधून जाते. सायकलवाल्याला निदान व्हॉलट्यूब सडते हे माहीत असे आणि पंप घरात असे. मोटारीचे चाक थेट पंक्चरवाल्याच्या हवाली झाले. तो कारागीर कमी कसबी नाही. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर केरळातून येऊन टायरची दुकाने थाटणाऱ्यांनी हा धंदा पिढीभर उचलून धरला आहे. ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून, दाबत दाबत फिरवून, बुडबुड्यांच्या एका बारीक माळेवरून छिद्र हेरणे याला सराव लागतो. पण त्याच्याकडे गाडी येते ती चाक बसल्यावर. बसलेल्या चाकाचे पैसे मिळतात, बसू न दिलेल्या चाकाचे कोणी देत नाही. तपासणीची जुनी सवय उरली ती ट्रकवर. मुक्कामावरून निघण्याआधी क्लीनर टॉमीने एकेक टायर ठोकत जातो आणि टणक आवाज ऐकल्यावरच वर चढतो.

सेन्सर हा या क्लीनरचा वारस आहे, आणि तोही अपघातांनंतरच आला. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये अशी यंत्रणा होती, पण ती मोजक्या श्रीमंतांपुरती. अमेरिकेत २००० साली फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरांचे प्रकरण उघडकीला आले, अडीचशेहून अधिक माणसे गेल्याचे पुढे आले, आणि त्याच वर्षी कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना. अमेरिकी नियमात दिवा लागण्याची मर्यादा ठरवून दिलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली. म्हणजे ३३ पौंड सांगितलेल्या टायरला जवळपास २५ पौंड. हा आकडा लक्षात ठेवून हिशेब करावा. दुपारी ३० अंशांना भरलेली ३३ पौंड हवा पहाटे १२ अंशांना सुमारे ३० पौंड भरते. नुसत्या थंडीने दिवा लागत नाही. पण मे महिन्यात रस्त्यावरून तापून आलेल्या, आतून ५० अंशांवर गेलेल्या टायरमध्ये ‘३३ करा’ म्हणून भरलेली हवा डिसेंबरच्या त्याच पहाटे २७-२८ पौंडांवर येते, कारण दारावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. त्यात महिन्याला एखादा पौंड झिरपला की दिवा लागलाच. बार्शी येईपर्यंत टायर तापतो, दाब चढतो, अनेक गाड्यांत दिवा विझतो आणि मालकाची खात्री पटते की दोष सेन्सरचा. प्रत्यक्षात थंडीने फक्त सहा महिन्यांची थकबाकी उघड केलेली असते. लाकडी चाक वैशाखात सैल होई, हवेचे चाक पौषात होते. ऋतू बदलला, पण चाकाचा ऋतूशी असलेला संबंध तोच राहिला.

सेन्सर बिघडतच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. चाकाच्या आत बसणाऱ्या सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षांत संपते आणि ती सहसा बदलता येत नाही. टायर उतरवताना पहार चुकीच्या जागी लागली तर तो तुटतो. सेन्सर नसलेले स्टेपनीचे चाक चढवले तर यंत्रणा तक्रार करते, आणि ती रास्तच असते. काही गाड्यांत दाब मोजणारा सेन्सर नसतोच. कमी हवेचे चाक घेराने किंचित लहान होऊन जास्त वेगाने फिरते, हे एबीएसच्या साहाय्याने ताडले जाते. तिथे हवा भरल्यावर नवी नोंद करून द्यावी लागते, नाहीतर दिवा जुन्याच मापाशी तुलना करत राहतो. पण हा फरक ओळखता येतो. अनेक गाड्यांत यंत्रणा बिघडली असेल तर गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. हवा कमी असेल तर पहिल्यापासून स्थिर असतो. तोच एक टायर दर वेळी मागे पडत असेल तर खिळा, व्हॉल्व्ह किंवा रिमची कड शोधावी, आणि चारही एकत्र उतरत असतील तर थंडी आणि आपला आळस. दुसरा आक्षेप असा की अंगठा दाबून किंवा लाथ मारून हवा कळते, यंत्र कशाला? जुन्या ट्रकच्या कडक टायरला टॉमीचा आवाज पुरतो. मोटारीचा रेडियल टायर मात्र पुरी हवा असतानाही खाली थोडा फुगलेलाच दिसतो, आणि ३३ आणि २६ मधला फरक तिथे डोळ्याला किंवा बोटाला कळत नाही. म्हणून हवा मोजायलाच हवी, आणि तीही सकाळी, गाडी हलण्याआधी, दर वेळी एकाच गेजने. दसऱ्याला आपल्याकडे गाडी धुऊन हार घालतात. थंडीच्या तोंडावर येणारा हा दिवस चाके मोजायला इतका सोयीचा आहे की ती रीत नव्याने पडायला काहीच हरकत नाही.

ही निकड आता पूर्वीपेक्षा वाढली आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत जादा चाक ठेवण्याची सक्ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून उठली. अशा गाडीत डिकीत स्टेपनी नसली तर मागे उरतो तो एक दिवा आणि एक लहानसा संच. संचातला रबरी धागा खिळ्याचे छिद्र बुजवतो, पण कमी हवेवर दहा-वीस किलोमीटर पळून बाजूने चिरडलेला टायर त्याने सांधत नाही. रात्री परंडा-भूम रस्त्यावर, जिथे मैल-मैल दुकान नाही, तिथे हा दिवा सेन्सरचा खोडसाळपणा समजून सोडून देणाऱ्याला दुसरे चाक मिळणार नाही.